कथलाची शिवण

इंग्लंडच्या सरे परगण्यात, डॉर्किंग गावाजवळ, एका साध्या घराला लागून गाईंचा गोठा होता. १८८० च्या दशकात ख्रिस्तोफर व्हॉल नावाच्या चित्रकाराने तो साफ करून घेतला, आत कामाचं टेबल मांडलं, काच भाजायची भट्टी बसवली आणि पस्तिशी ओलांडल्यावर, नव्या उमेदवारासारखं, काचकाम शिकायला घेतलं. लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेला हा माणूस तोवर खिडक्यांसाठी चित्रं काढून देत असे. चित्र त्याचं, पण ते काचेत उतरवणारे हात दुसऱ्यांचे. त्या काळी मोठ्या कंपन्यांमध्ये काच निवडणारा एक, कापणारा दुसरा, तिच्यावर रेषा काढून भाजणारा तिसरा आणि शिशात बसवणारा चौथा असे. कागदावर जिवंत असलेली रेषा इतक्या हातांतून फिरून भिंतीत बसेपर्यंत मरून जायची. व्हॉलला ते सहन होईना. काच निवडण्यापासून शेवटचा सांधा जोडेपर्यंत सगळं एकाच माणसाला यायला हवं, असं त्याच्या मनाने घेतलं आणि आधी त्याने ते स्वतः करून पाहिलं.

गोठ्यातल्या या खटाटोपातून पुढे बरंच काही उभं राहिलं. ग्लॉस्टर कॅथीड्रलच्या लेडी चॅपेलमधल्या खिडक्या ही व्हॉलची सर्वांत मोठी कामगिरी. लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये त्याने शिकवलं, १९०५ मध्ये ‘स्टेन्ड ग्लास वर्क’ हे पाठ्यपुस्तक लिहिलं. त्याची मुलगी व्हेरोनिका हीदेखील याच कामात नावारूपाला आली. ज्यांच्याकडे असा गोठा नव्हता त्यांचीही सोय लवकरच झाली. मेरी लाउंड्स या काचचित्रकर्तीने आल्फ्रेड ड्रुरी यांच्यासह १८९७ मध्ये एक कार्यशाळा सुरू केली. १९०६ मध्ये ती लंडनच्या फुलम भागात ‘ग्लास हाउस’ या नव्या इमारतीत गेली. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंतांना तिथे जागा, भट्टी आणि कुशल कारागिरांची मदत भाड्याने मिळे. स्वतःचं चित्र स्वतःच्या हाताने काचेत उतरवणाऱ्या बऱ्याच स्त्रिया तिथे घडल्या.

आज घरातल्या एका खोलीत बसून रंगीत काचेचं काम करणाऱ्यांची रीत व्हॉलचीच आहे. तंत्र मात्र बहुतेक वेळा वेगळं असतं. ते अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्कमधल्या एका कारखान्यातल्या बायकांच्या विभागात रुजलं, आणि हे काम घरात मावू लागलं ते मुख्यतः त्या तंत्रामुळे.

आधीची पद्धत किती जुनी होती हे बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका लॅटिन ग्रंथावरून समजतं. थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका साधूने त्यात काचेची खिडकी कशी करायची ते पायरीपायरीने सांगितलं आहे. फळीवर खडूचा लेप देऊन त्यावर पूर्ण मापाचं चित्र काढायचं. तापवलेल्या लोखंडाने काचेला तडा पाडून तुकडे करायचे. लोखंडी हत्याराने कडा कुरतडून त्यांना आकार द्यायचा, चेहऱ्यांच्या आणि वस्त्रांच्या रेषा काढून ते भट्टीत भाजायचे आणि शेवटी शिशाच्या पट्टीत बसवायचे. ही पट्टी आडवी कापून पाहिली तर इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी दिसते. दोन्ही बाजूंना खोबण, प्रत्येक खोबणीत एकेक काच. जिथे पट्ट्या एकमेकींना भेटतात तिथे सोल्डर (कथील-शिशाचा डाख), आणि मधल्या फटीत लांबी.

ही पद्धत भक्कम आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या खिडक्या तिच्यावरच उभ्या आहेत. पण तिला मोठी भट्टी लागते, जड शिसं लागतं, लांबरुंद ओटे लागतात. शिवाय शिशाच्या पट्टीला स्वतःची जाडी असते. करंगळीच्या नखाएवढी पाकळी तिच्यात बसवायला गेलं, तर काचेपेक्षा शिसंच जास्त दिसतं.

न्यूयॉर्कमधल्या त्या कारखान्याचा मालक लुई कम्फर्ट टिफनी (१८४८–१९३३) याला नेमक्या अशाच पाकळ्या हव्या होत्या. दुधी झाक असलेली, एकाच तुकड्यात अनेक रंग फिरलेली ओपलेसंट काच अमेरिकेत तेव्हा नवी होती. चित्रकार जॉन ला फार्ज याने १८८० मध्ये तिच्या वापराचं पेटंट घेतलं होतं. या काचेवर वेगळं चित्र रंगवायची फारशी गरज उरत नसे. पानाची सावली, पाण्याचा तरंग, पाकळीच्या देठाकडचा फिकटपणा हे सगळं काचेच्या आतच सापडे. योग्य तुकडा शोधून काढणारी नजर तेवढी हवी. तुकडे लहान आणि असंख्य झाले, तसं शिसं निरुपयोगी ठरलं. त्याऐवजी प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याच्या अतिशय पातळ पत्र्याची पट्टी मधमाशांच्या मेणाने चिकटवायची आणि मग शेजारशेजारच्या पट्ट्या सोल्डरने जोडायच्या, ही रीत टिफनीच्या दिव्यांसाठी वापरली गेली. त्याच्या ‘विस्टेरिया’ दिव्याच्या एका छत्रीत काचेचे जवळपास दोन हजार तुकडे आहेत.

या दिव्यांचं श्रेय शंभर वर्षं टिफनीलाच मिळत राहिलं. २००५ च्या सुमारास अभ्यासकांच्या हाती क्लारा ड्रिस्कॉल हिची पत्रं आली. ओहायोत जन्मलेली क्लारा (१८६१–१९४४) आपल्या आईला आणि बहिणींना कामाचं सविस्तर वर्णन लिहून पाठवत असे. त्या पत्रांवरून उघड झालं, की टिफनीच्या कारखान्यातल्या स्त्रियांच्या काचविभागाची ती प्रमुख होती आणि विस्टेरिया, ड्रॅगनफ्लाय यांसारखे गाजलेले दिवे तिच्या कल्पनेतून आलेले होते. ड्रॅगनफ्लाय दिव्याला तर १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात कांस्यपदक मिळालं होतं. २००७ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने क्लारा आणि तिच्या सहकारी स्त्रियांवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे त्यांची नावं दिव्यांशेजारी लागली. इतका उशीर व्हायला नको होता.

या विभागाचा जन्मही लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८९२ मध्ये काच कापणाऱ्या आणि शिशात बसवणाऱ्या पुरुष कामगारांच्या संघटनेने संप केला. शिकागोचं जागतिक प्रदर्शन तोंडावर आलं होतं, म्हणून टिफनीने स्त्रियांना कामावर घेतलं. सहा जणींनी सुरुवात झाली, दोन वर्षांत त्या पस्तीस झाल्या. संघटना स्त्रियांना सभासद करून घेत नव्हती, आणि १९०३ मध्ये तिने हा विभागच बंद पाडायचा प्रयत्न केला. तडजोड झाली ती स्त्रियांच्या संख्येवर मर्यादा घालून. लग्न झालेल्या स्त्रीला तिथे काम करता येत नसे. क्लारालाही लग्नामुळे नोकरी सोडावी लागली होती आणि पतीच्या मृत्यूनंतर ती परत आली होती. कामाची वाटणीही ठरलेली होती. काच निवडणं, कापणं, कडांना तांबं लावणं स्त्रियांकडे आणि सोल्डरिंग पुरुषांकडे. घरातल्या स्टुडिओत ही दोन्ही कामं एकाच टेबलावर, एकाच माणसाकडे आली आहेत.

टिफनीचे दिवे मध्यंतरी अगदी बाजारातून उठले. १९३२ मध्ये त्याच्या स्टुडिओचं दिवाळं निघालं. १९३५ मध्ये एगॉन न्यूस्टाट या डॉक्टरने न्यूयॉर्कच्या जुन्या सामानाच्या दुकानातून आपला पहिला टिफनी दिवा साडेबारा डॉलरला घेतला. त्याचा संग्रह पुढे इतका वाढला, की न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीकडे आज जे शंभराहून अधिक दिवे आहेत ते त्याच्याकडूनच आलेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या दिव्यांची आवड परत आली आणि तिच्याबरोबर ते घरी करून पाहण्याची हौसही. मेण लावत बसायची गरज संपली. मागे गोंद असलेली तांब्याची पट्टी गुंडाळीच्या रूपात मिळू लागली. काचेच्या कडा घासणारं छोटं ग्राइंडर टेबलावर आलं. भट्टी नको, मोठी जागा नको. कटर, पक्कड, ग्राइंडर, तांब्याची पट्टी, सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर काम सुरू होऊ लागलं.

महाराष्ट्रात रंगीत काचेच्या छंदाची ओळख अनेकांना ग्लास पेंटिंगमधून झाली. साध्या काचेवर काळ्या लायनरने रेषा काढायच्या आणि मधे पारदर्शक रंग भरायचा, असे संच घरोघरी आले होते. त्यात रंग पृष्ठभागावर बसतो. उन्हात फिकट होतो, ओरखडला की निघतो. स्टेन्ड ग्लासमधली काच वितळत असतानाच रंगते. कोबाल्टने निळी, मँगनीजने जांभळी, लोखंडाने हिरवट, कॅडमियम आणि सेलेनियमने पिवळी, केशरी, लाल. गुलाबी काचेच्या काही छटांसाठी खरोखर सोनं घालावं लागतं, म्हणून ती सगळ्यांत महाग. हा रंग काचेच्या जाडीत असतो आणि काच फुटेपर्यंत टिकतो.

पहिली कसोटी लागते ती काच कापताना. कटरचं कठीण धातूचं बारीक चाक काचेवरून फिरतं तेव्हा फक्त ओरखडा निघतो. तुकडा सुटतो तो नंतर, काच त्या रेषेवर वाकवली की. यामागचं शास्त्र १९२१ मध्ये ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने मांडलं. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात तो काम करत होता आणि वस्तू तुटतात कशा, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. अणूंमधल्या बंधांचा हिशेब केला तर काच फार बळकट निघायला हवी. प्रत्यक्षात ती त्याच्या कितीतरी कमी ताणाला फुटते. ग्रिफिथने दाखवलं, की काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे तडे असतात आणि ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो. तडा एकदा पुरेसा लांब झाला की तो स्वतःहून धावू लागतो. काच कापणारा माणूस हेच ज्ञान उलटं वापरतो. तडा जाणारच आहे. तो कुठून जायचा ते आधी ओरखड्याने ठरवून ठेवायचं.

म्हणून ओरखडा काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग हवा. मधेच थांबलेली रेषा तड्याला वाट दाखवत नाही. त्याच रेषेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवायचा नाही, कारण त्याने काचेचा भुगा होतो, कटरचं चाक बोथट होतं आणि तडा भरकटतो. चाकाला रॉकेलचा किंवा कटिंग ऑइलचा ओलावा लागतो. दाब किती द्यायचा हे कानाने कळतं: बारीक, एकसारखा चर्र आवाज आला की बरोबर, पांढरा भुगा उडाला की दाब जास्त झाला. ओरखडा काढल्यावर चहाला उठायचं नाही. वेळ गेला की ओरखड्याभोवतीचा ताण सैल होतो आणि काच हट्टी होते.

सरळ रेषा पहिल्या दिवशी जमते. बाहेरून फुगलेली वळणंही थोड्या सरावाने येतात. अडचण आत शिरलेल्या वळणाची. मोर काढायचा म्हटलं तर त्याच्या मानेचा तुकडा सहज निघतो, पण त्या मानेला कवेत घेणारा आकाशाचा तुकडा एका झटक्यात निघत नाही. तडा खोल वळणात न जाता सरळ पळतो आणि काच दुभंगते. तिथे आधी उथळ, मग त्याहून खोल असे एकामागून एक ओरखडे काढून चंद्रकोरीसारखे कपचे पकडीने सोडवावे लागतात. काटकोनात आत वळलेला कोपरा तर कटरने मिळतच नाही. मग आकाशात एक जास्तीची रेषा आखून तुकड्याचे दोन करायचे. ही रेषा चित्राला उपरी वाटता कामा नये. ती ढगाची कड व्हावी, फांदी व्हावी, पिसाचं टोक व्हावी. चांगला आराखडा ओळखायचा तो इथे. कागदावर सुंदर दिसणारी पुष्कळ रेखाचित्रं काचेत जात नाहीत, कारण काढणाऱ्याने तड्याचा विचारच केलेला नसतो. इंटरनेटवरचं चित्र उचलून थेट काचेवर ठेवणाऱ्यांची पहिली काच बहुधा इथेच वाया जाते.

आराखड्याच्या दोन प्रती काढतात. एक टेबलावर राहते, दुसरीचे तुकडे कापून ते काचेवर चिकटवतात. त्यासाठीची खास कात्री दोन तुकड्यांच्या मधली कागदाची बारीक पट्टी काढून टाकते. तांब्याच्या कामासाठी सुमारे ०.८ मिलिमीटर, शिशाच्या कामासाठी त्याच्या दुप्पट. एवढी जागा सोडली नाही तर वीस तुकड्यांनंतर चित्र चौकटीबाहेर जातं. प्रत्येक तुकड्यावर आकडा आणि काचेतल्या रेघांची दिशा दाखवणारा बाण काढायचा असतो. आकाशाच्या दोन शेजारी तुकड्यांत रेघा वेगवेगळ्या दिशांना गेल्या, तर आकाश फाटल्यासारखं दिसतं.

कडा ग्राइंडरवर घासायच्या त्या पाणी घालून, म्हणजे भुकटी हवेत उडत नाही आणि काच तापत नाही. मग प्रत्येक तुकडा साबणाने धुऊन कोरडा करायचा. तेलाचा किंवा घामाचा अंश राहिला तर तांब्याची पट्टी चिकटत नाही, आणि पट्टी सुटली की त्यावरचं सोल्डरही सुटतं. नेहमीच्या वापरातली पट्टी साडेपाच मिलिमीटर रुंद असते आणि जाडीने मिलिमीटरच्या तीनशतांश भागाइतकी. काचेची कड तिच्या बरोबर मधोमध यावी आणि दोन्ही अंगांना सारखी किनार वळावी, यातच निम्मं कौशल्य आहे. पट्टी एका बाजूला सरकली तर शेवटी रेषा कुठे जाड कुठे बारीक दिसतात, आणि तो दोष लपत नाही.

पुढचं काम मराठी घरातल्या जुन्या माणसांना लगेच समजेल, कारण ते कल्हईचंच आहे. कल्हईवाला भांडं तापवून त्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो आणि मग कथील तांब्यापितळेवर सरसर पसरतं. नवसागर तापला की त्यातून निघणारं आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतं. स्वच्छ धातू मिळाल्याशिवाय कथील त्याला धरत नाही. स्टेन्ड ग्लासमध्ये हेच काम फ्लक्स करतो, आणि पुष्कळ द्रव फ्लक्समध्ये झिंक क्लोराइडच्या जोडीला हाच नवसागर असतो. पावसाळ्यात कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरी आठवडाभर उघडी राहिलेली तांब्याची पट्टी काळवंडते आणि सोल्डर नाकारते. तिला बारीक स्टील वूलने हलकं घासून घेतलं की ती पुन्हा सोल्डर धरते. पट्टीची गुंडाळी हवाबंद पिशवीत ठेवणं त्याहून सोपं.

सोल्डर काचेला चिकटत नाही, तांब्याला चिकटतं. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत ते उतरतं, पुढच्या आणि मागच्या बाजूला पसरतं आणि थंड झाल्यावर तिथे धातूचा आडवा छेद कसा दिसतो? इंग्रजी ‘एच’सारखा. मध्ययुगातला कारागीर जी पट्टी तयार ओतून घेत होता, तीच आता टेबलावर, सांध्यागणिक, वितळलेल्या कथलातून घडते. त्यामुळे ती काचेच्या लहानात लहान तुकड्यालाही बेतता येते.

साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असलेलं सोल्डर या कामात सर्वाधिक चालतं. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, शुद्ध शिसं ३२७ अंशांना, पण दोन्ही एकत्र आले की १८३ अंशांनाच वितळायला लागतात आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतात. द्रव ते घन हा पल्ला इतका छोटा असल्यामुळेच रेषेवर गोलसर, गुळगुळीत उंचवटा येतो. आयर्न एका जागी रेंगाळलं तर तेवढाच भाग तापून काच तडकते. घाईने फिरवलं तर रेषेवर गाठी उरतात. हात हा वेग शिकतो तो टाकाऊ तुकड्यांवर. चांगल्या काचेवर शिकायला जाऊ नये.

रुपेरी रेषा तशाच ठेवता येतात, किंवा पातिना लावून काळ्या वा तांबूस करता येतात. तांबूस पातिना म्हणजे मुख्यतः मोरचुदाचं द्रावण, नाशिकचे द्राक्षबागायतदार चुन्यात मिसळून बोर्डो मिश्रण म्हणून फवारतात तेच. काळ्या पातिनात सेलेनियमचं विषारी संयुग असतं. दोन्हींसाठी हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी.

शिशाबद्दल मात्र घाईने बोलून चालणार नाही. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. समोर दिसणारा धूर फ्लक्सचा असतो आणि तो फुप्फुसांना त्रास देतो, म्हणून छोटा पंखा लावून तो तोंडापासून दूर ओढायचा. शिसं शरीरात जातं ते हातावाटे. सोल्डरची तार हाताळलेली बोटं, नखांतली काळसर मळी, तेच हात लावून खाल्लेली भाकरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, आणि सगळ्यांत मोठा धोका लहान मुलांना व गर्भाला आहे, कारण शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं. त्यामुळे स्वयंपाकघरातलं टेबल या कामासाठी अगदी चुकीची जागा. छंदाच्या पुस्तकांत ते टेबल वारंवार दिसतं, तरीही.

फ्लॅटमध्ये बंदिस्त बाल्कनी किंवा दार लावता येईल अशी खोली निवडावी. टेबलाला पुसता येईल असा पृष्ठभाग हवा. सतरंजी, गालिचा नको. काम झाल्यावर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं घरातल्या फडक्यांत मिसळायचं नाही. कामाचा ॲप्रन वेगळा धुवायचा. ग्राइंडरमधला काचेचा गाळ मोरीत ओतला तर पाइप तुंबतो; तो सुकवून, बांधून कचऱ्यात टाकायचा. लहान मूल किंवा गर्भवती स्त्री घरात असेल तर शिसेविरहित सोल्डर घ्यावं. ते जरा जास्त तापमानाला वितळतं, महाग पडतं, रेषा तितकी सहज येत नाही. तरी तेच घ्यावं.

तांब्याच्या पद्धतीची मर्यादा मुंबईतल्या जुन्या इमारती पाहिल्या की कळते. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या पूर्व आणि पश्चिम खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कार्यशाळेतून समुद्रमार्गे आल्या. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात बारा राशींची चिन्हं असलेली गोल खिडकी आहे. ही इमारत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न ठेवता आखली आणि ती १८७४ मध्ये पूर्ण झाली. या सगळ्या खिडक्या शिशाच्या पट्टीत आहेत, कारण वारा आणि पाऊस सोसणाऱ्या मोठ्या तावदानाला थोडंफार वाकू शकणारी चौकट लागते. काचेच्या तुलनेत शिसं उन्हाने सुमारे तिप्पट प्रसरण पावतं. दिवसरात्रीच्या या ताणाने दशकांनंतर शिसं थकतं, लांबी सुकून गळते आणि तावदानाला पोट येतं. मग प्रत्येक तुकड्याची नोंद करून खिडकी उतरवायची, तुकडे स्वच्छ करायचे आणि नव्या शिशात जुन्याच जागी बसवायचे, एवढं मोठं काम होऊन बसतं.

तांब्याचं काम घराच्या आत शोभतं: दिव्याची छत्री, खिडकीसमोर टांगायचं छोटं चित्र, कपाटाच्या दाराचं तावदान. तीन मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेसात किलो भरते, वर सोल्डरचं वजन. एवढं वजन तांब्याच्या नाजूक पट्टीवर टांगता येत नाही. हूक नुसत्या कडेला जोडला तर पट्टी सोलून निघते आणि चित्र खाली येतं. तो बाहेरच्या धातूच्या चौकटीला, एखादी आतली रेषा चौकटीला भेटते तिथे जोडावा लागतो. आराखड्यात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाणारी रेषा असेल तर तावदान नेमकं त्या रेषेवर बिजागरीसारखं दुमडतं. नवशिक्यांच्या चित्रात क्षितिज हमखास असं सरळ असतं. डोंगर आणून ते मोडावं.

काच आणायची कुठून, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जगभर अवघड झाला. टिफनीला काच पुरवणारा इंडियानातला कोकोमो कारखाना १८८८ पासून आजही चालू आहे, पण सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. अमेरिकेच्या पोर्टलंड शहरात वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये झाडांवरच्या शेवाळाचे ३४६ नमुने गोळा केले. शेवाळाला मुळं नसतात, ते जे घेतं ते हवेतून घेतं. नमुन्यांतल्या कॅडमियमचा नकाशा काढला तेव्हा त्याचं एक केंद्र बुल्सआय या कलाकाचेच्या कारखान्याजवळ निघालं. पिवळ्या आणि लाल काचेत घातलेलं कॅडमियम धुराड्यातून शेजारच्या वस्तीत जात होतं. २०१६ मध्ये हे जाहीर झालं, लोक संतापले, कारखान्याला धुराड्यांवर गाळण्या बसवाव्या लागल्या आणि नियम कडक झाले. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या स्पेक्ट्रम कंपनीने मंदावलेली विक्री आणि नियमांचा वाढता खर्च ही कारणं देऊन चाळीस वर्षांचं उत्पादन थांबवलं. तिची काच नंतर मेक्सिकोत, दुसऱ्या कंपनीकडून बनू लागली. रहिवाशांची तक्रार रास्त होती. कारागिराला हवा असलेला लाल रंग शेजारच्या वस्तीच्या श्वासातून यावा, हे कोणत्याही कलेच्या नावाखाली चालवून घेता येत नाही.

आयात काच महाग, म्हणून इथले हौशी कारागीर जुन्या तावदानांकडेही वळतात. वाडे आणि चाळी पाडल्या जातात तेव्हा दारावरच्या अर्धगोलातल्या निळ्या, पिवळ्या, हिरव्या काचा, नक्षी उठवलेल्या अर्धपारदर्शक काचा भंगारात जातात आणि तिथून जुन्या बाजारात. अशा काचांची जाडी कधी एकसारखी नसते. काच हळूहळू खाली वाहत जाते म्हणून तिचा तळ जाड होतो, असा एक समज पक्का रुजलेला आहे; ब्राझीलचे काचशास्त्रज्ञ एडगर झानोटो यांनी १९९८ मध्ये गणिताने दाखवलं, की नेहमीच्या तापमानाला तेवढी वाहायला विश्वाचं आजवरचं वयही पुरणार नाही. जाडीतला फरक जुन्या बनावटीतूनच आलेला असतो. कारागिराला त्याची दखल घ्यावी लागते, कारण जाड कडेला रुंद पट्टी लागते.

जुनी काच घरी आणली की आधी कोमट साबणपाण्यात भिजवून लांबीचे आणि रंगाचे अवशेष काढतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा ते कोरडं खरवडायचं नाही. अलीकडच्या दारांतली काच असेल तर ती टफन्ड आहे का ते पाहावं लागतं. टफन्ड काच कापता येत नाही, कटर लावून तोडायला गेलं की ती एकदम दाणे दाणे होऊन फुटते. ध्रुवीकृत गॉगलमधून तिरपं पाहिलं तर अशा काचेत बहुधा ठिपके किंवा पट्टे दिसतात. एवढं झालं की कडेचा बोटभर पट्टा कापून बघतात. तडा ओरखड्याबरोबर चालला तर त्या काचेच्या मापाने चित्र आखायला घ्यायचं, आणि भरकटला तर ती मोझेकच्या डब्यात टाकायची.